मोटारीच्या चारही स्प्रिंगा बदलल्या: कामाच्या नोंदी

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी छोटी हॅचबॅक, १ लाख ४० हजार किलोमीटर धावलेली. पुढे स्ट्रट, म्हणजे शॉक अब्सॉर्बरवरच चढवलेली स्प्रिंग. मागे आडवा बीम. त्यावर स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा. अंदाज दोन दिवसांचा होता, लागले १६. त्यात प्रत्यक्ष हात काळे झाले ते १९ तास. उरलेला वेळ सामानाची वाट पाहण्यात गेला.

दिवस १: तपासणी (१ तास)

उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवलं की पुढच्या डाव्या बाजूने ‘टण्ण’ असा आवाज, आणि खड्ड्यात त्याच बाजूला ठोका. उंची जमिनीपासून मोजली नाही, कारण त्या मापात टायरची हवा आणि झीज दोन्ही मिसळतात. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला. पुढे डावं ३५२ मिमी, पुढे उजवं ३७१, मागे डावं ३६२, मागे उजवं ३६४. चारही मापं लिहून ठेवावीत. काम झाल्यावर तुलनेला दुसरं काही हाताशी नसतं.

चाक काढून आरसा आणि टॉर्च लावली. सगळ्यात खालचा वेढा सुमारे पाऊण फेरीवर तुटलेला, तुकडा खालच्या वाटीतल्या रबरात अडकून बसलेला. स्प्रिंग बहुतेक इथेच तुटते. वाटीत चिखल-पाणी साचतं, खडे लागून रंगाचा थर उडतो, गंजाचा बारीक खड्डा पडतो आणि तिथूनच चीर सुरू होते. तुटलेलं टोक टायरच्या आतल्या बाजूपासून जेमतेम १५ मिमीवर होतं. ते घसरलं तर टायर फाडतं, त्यामुळे गाडी तिथेच उभी केली.

उजवी शाबूत आहे म्हणून एकच बदलण्याचा मोह होतो. तसं करू नये. नवी ताठ आणि जुनी बसलेली, अशी जोडी लावली तर गाडी तिरकी उभी राहते आणि जोरात ब्रेक दाबला की एका बाजूला जाते. मागच्या स्प्रिंगांवरही खालच्या वेढ्याला पापुद्रे सुटलेले दिसले, म्हणून चारही घ्यायच्या ठरल्या.

दिवस ३: चुकीचा माल

मॉडेल आणि वर्ष सांगून मागवलेल्या स्प्रिंगा आल्या. बाहेरून हुबेहूब. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावल्यावर जुन्या तारेची जाडी १२ मिमी, नवीची १२.५. अर्ध्या मिलिमीटरने काय होतं असं वाटेल, पण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढे तेवढेच असले तर ही स्प्रिंग सुमारे १८ टक्के कडक. जड डिझेल इंजिनासाठीची होती ती.

एकाच मॉडेलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, एसी यांप्रमाणे चार-पाच प्रकारच्या स्प्रिंगा असू शकतात. ओळख असते ती वेढ्यावरच्या रंगीत पट्ट्यांनी, आणि नेमके तेच पट्टे जुन्या स्प्रिंगेवर चिखलाखाली असतात. तारेचा ब्रश न मारता ओल्या फडक्याने हळू पुसल्यावर एक पांढरा आणि दोन पिवळे पट्टे सापडले. ब्रश मारला असता तर तेही गेले असते. माल परत केला आणि चासिस नंबर देऊन पुन्हा मागवला. पाच दिवस वाया, परत पाठवण्याचा खर्च वेगळा.

त्याच मागणीत वरची माउंटिंग (स्ट्रट वरून गाडीला धरणारा भाग), तिचं बेअरिंग, बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबला की ठोका झेलणारा तुकडा), धुळीचं रबरी आवरण, मागच्या स्प्रिंगांच्या रबरी गाद्या आणि सगळे लॉक नट (एक जादा संच) घातले. एकूण खर्च दीडपटीवर गेला, पण जुनं बेअरिंग परत बसवून महिन्याभराने तेच काम पुन्हा करण्यापेक्षा हे स्वस्त.

दरम्यान रोज एकदा सगळ्या बोल्टच्या आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारला. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करायचे, मग स्प्रे. उलट केलं तर स्प्रे मातीतच मुरतो.

दिवस ९: पुढची डावी बाजू, उतरवणं (३ तास)

चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले.

पहिली चूक इथेच. काम डाव्या बाजूला म्हणून फक्त डावी बाजू उचलली. स्ट्रटला स्टॅबिलायझर बारशी (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा, दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा) जोडणाऱ्या लिंक रॉडचा नट फिरला, पण तिचा खिळा भोकातून निघेना. कारण एक चाक लोंबकळत आणि दुसरं जमिनीवर असलं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि तो सगळा ताण लिंकवर येतो. अर्धा तास टॉमी (लोखंडी दांडा) घालून झटापट झाली. मग उजवी बाजूही उचलून गाडी दोन जॅक स्टँडवर घेतली, आणि लिंक दोन बोटांनी निघाली. पुढचं काम एकाच बाजूचं असलं तरी दोन्ही चाकं हवेत हवीत. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

लिंकचा नट फिरवताना आतला बॉलही सोबत फिरतो. तो धरायला खिळ्याच्या टोकाला ॲलन कीचं (षटकोनी किल्लीचं) भोक असतं. ते गंजाने भरलेलं होतं. न खरवडता की घातली आणि भोक गोल झालं. शेवटी ग्राइंडरने नट कापावा लागला. आटे खराब झाले म्हणून लिंकची नवी जोडी आली, ठरलेल्या खर्चात नसलेली. भोकातला गंज आधी एखाद्या साध्या खिळ्याने खरवडून काढावा, ॲलन की हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत बसवावी, मगच जोर द्यावा.

ब्रेकच्या नळीचा क्लिप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवली. वायरचा प्लॅस्टिक क्लिप जुना असतो. दाबून न सुटल्यास मागून चिमटा. ओढला की तुटतोच.

स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणारे दोन बोल्ट. वरच्या बोल्टचं भोक लांबट असतं आणि त्यावर चाकाचा कल ठरतो. मूळ जागा कळावी म्हणून मार्करने रेघ मारली. स्प्रे लागला आणि रेघ पुसली. उजव्या बाजूला पंचने ठिपके मारले, ते टिकले. बोल्ट काढताना नट फिरवायचा, बोल्टचं डोकं धरून ठेवायचं. डोक्याखाली दाते असले तर बोल्ट फिरवल्यावर नकलचं भोक घासलं जातं.

बोल्ट निघताच नकल बाहेर झुकते. तिला जाड तारेने बांधून ठेवली, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा ओढला जातो आणि ब्रेकची नळी ताणली जाते. मग बॉनेटखालचे वरचे तीन नट. शेवटचा सोडताना एका हाताने स्ट्रट धरावा. मधला मोठा नट इथे हलवायचादेखील नाही. दाबून धरलेल्या स्प्रिंगेला थोपवणारा तो एकच नट असतो.

दिवस ९: स्प्रिंग दाबून काढणं (दीड तास)

स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर दोन स्क्रूंचा, आकड्यांचा (म्हणजे हुकांचा). आधी स्क्रूचे आटे पुसून ग्रीस लावलं. नवी मोकळी स्प्रिंग ३५२ मिमी. स्ट्रट पूर्ण बाहेर आलेला असताना वाट्यांमधली जागा २९० मिमी. वर नट बसायला स्प्रिंग २७२ च्या आसपास आणावी लागते. म्हणजे ८० मिमी दाब, साधारण पावणेदोनशे किलोचा. आकडा निसटला तर ती ताकद ज्या दिशेला सुटते तिथे तोंड नसावं. स्ट्रट व्हाइसमध्ये आडवा धरला आणि दोन्ही टोकांच्या रेषेत कोणी उभं राहिलं नाही.

दोन्ही आकडे समोरासमोर, अर्ध्या फेरीच्या अंतरावर, आणि जमतील तेवढे जास्त वेढे कवेत घेऊन. एका स्क्रूला दोन फेऱ्या, मग दुसऱ्याला दोन. घाईत एका बाजूला पाच-सहा फेऱ्या दिल्या तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा तारेवरून सरकतो. तुटलेल्या स्प्रिंगेत खालचा वेढा नसल्याने ती आधीच तिरकी बसलेली असते, तिथे जास्त लक्ष. इम्पॅक्ट गन (हादरे देत नट फिरवणारं यंत्र) इथे वापरायची नाही. आटे तापून सोलतात, तेही भर दाबाखाली.

मधला नट सोडण्याआधी स्प्रिंग वाटीत हाताने हलते का पाहायचं. हलली तरच नट. शॉकचा दांडा फिरू नये म्हणून वरून ॲलन की. दांडा पक्कडीने धरायचा नाही. त्यावर एक ओरखडा पडला की तेलाचं सील कापलं जातं आणि चांगला शॉक गळायला लागतो.

बेअरिंग हातात फिरवून पाहिलं: खरखर, एका जागी अडकत होतं. बंप स्टॉपचा चुरा झालेला. शॉक मात्र कोरडा. दांडा दाबून सोडला तर सावकाश, एकसारखा वर आला. म्हणून शॉक बदलला नाही. त्यात तेलाचे थेंब असते किंवा दांडा मध्येच सैल पडला असता तर आत्ताच बदलणं शहाणपणाचं, कारण श्रम तेच.

दिवस ९: जोडणी (२ तास)

नवी स्प्रिंग जुन्या बसलेल्या स्प्रिंगेपेक्षा लांब असते हे डोक्यात नव्हतं. आकडे जुनीला लावले तिथेच नवीला लावले. स्प्रिंग दाबली गेली, नट बसला, पण सोडताना एक आकडा वरच्या वाटीखाली अडकला आणि बाहेर निघेना. पुन्हा दाबा, नट काढा, आकडे एक वेढा खाली घ्या. पाऊण तास. आकडा लावण्याआधी एकच विचारायचं: स्प्रिंग पूर्ण फुलल्यावर हा इथून बाहेर निघेल का?

क्रम असा: खालची गादी, स्प्रिंग, दांड्यावर बंप स्टॉप आणि धुळीचं आवरण, वरची वाटी, बेअरिंग, माउंटिंग, नवा लॉक नट. बेअरिंग उलटं बसतं आणि उलटं बसलंय हे कळतही नाही. स्टिअरिंग जड झाल्यावर कळतं. जुनं काढताना फोटो काढून ठेवावा. स्प्रिंगही वरखाली होऊ शकते, म्हणून जुनी शेजारी उभी करून टोकांचा आकार जुळवावा.

मधला नट गनने आवळू नये. दांडा गरगर फिरतो आणि आतल्या पिस्टनच्या नटाला हादरे बसतात. आरपार भोकाचा सॉकेट लागतो: बाहेरून सॉकेट, आतून ॲलन की, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा पाना) ६० न्यूटन मीटर. वरचे तीन नट २५, नकलचे बोल्ट १००, लिंक ५०. हे आकडे या गाडीच्या पुस्तिकेतले आहेत. दुसऱ्या गाडीचे वेगळे असतील, तेव्हा उचलून लावू नयेत. काही गाड्यांत आधी टॉर्क आणि वर ठरावीक अंशांचा कोन असतो. असे बोल्ट एकदाच वापरायचे.

सगळं बसलं, स्ट्रट गाडीत चढला. स्प्रिंगेचं खालचं टोक वाटीच्या अडणीला (टोक थोपवणाऱ्या कडेला) जवळजवळ टेकलंय का, हे कॉम्प्रेसर लावलेला असताना पाहिलं होतं. सोडल्यानंतर पाहिलं नाही. याचे परिणाम दिवस १६ ला.

दिवस १०: पुढची उजवी (२ तास)

डावीला साडेसहा तास, उजवीला दोन. नट आधीच भिजलेले, आकड्यांची जागा ठरलेली, दोन्ही चाकं हवेत. एवढाच फरक.

काढलेली जुनी उजवी स्प्रिंग मोकळी मोजली: ३४० मिमी. न तुटताही १२ मिमी बसलेली. एकच बदलली असती तर काय झालं असतं ते या आकड्यात आहे.

दिवस ११: मागच्या दोन (साडेचार तास)

मागे कॉम्प्रेसर लागला नाही. बीम थोडा खाली आणला की स्प्रिंग हाताने निघते. कागदावर हे तासाभराचं काम. तीन तास खाल्ले ते एका बोल्टने.

डाव्या शॉकचा खालचा बोल्ट बुशच्या (शॉकच्या टोकाच्या रबरी सांध्याच्या) आतल्या लोखंडी नळीला गंजाने जाम. पाना फिरवला की नळीही फिरे आणि रबर पिळलं जाई. आणखी जोर दिला असता तर बुश फाटून शॉकच गेला असता. बोल्टच्या टोकावर हातोडा मारला, ही दुसरी चूक. टोक फुलून पहिला आटा चेपला. नट टोकाशी सपाट येईल इतका चढवून मगच ठोकायला हवं होतं. शेवटी जमलं ते असं: स्प्रे, पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे, परत स्प्रे, दहा मिनिटं थांबणं. असं नऊ-दहा वेळा. नवा बोल्ट घातला आणि नळीत ग्रीसचा पातळ हात फिरवला, आट्यांवर मात्र नाही. तिथे ग्रीस असलं तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

बीमखाली जॅक, दोन्ही शॉकचे खालचे बोल्ट काढलेले, मग जॅक हळूहळू खाली. ब्रेकच्या रबरी नळ्या आणि हँडब्रेकच्या केबलवर एकाने नजर ठेवायची. केबलचे दोन क्लिप आधी सोडले नसते तर ती ताणली गेली असती. ज्या गाड्यांत हेडलाइटची उंची आपोआप बदलते त्यात बीमला सेन्सरची बारीक दांडी असते, तीही आधी सोडावी.

खालच्या वाटीत मूठभर वाळू आणि कुजलेलं रबर निघालं. पाणी जायचं भोक बुजलेलं. मागच्या स्प्रिंगांच्या खालच्या वेढ्यांचे पापुद्रे कशाने सुटले ते कळलं. भोक मोकळं केलं, वाटी घासून गंजरोधक प्रायमर लावला, नव्या गाद्या बसवल्या. स्प्रिंगेचं टोक गादीच्या खाचेत, वरची गादी गाडीच्या अंगावरच्या उंचवट्यावर.

शॉकचे बोल्ट चाक लोंबकळताना फक्त हाताने बसवले. बुशमधलं रबर दोन लोखंडी भागांना चिकटलेलं असतं. लोंबकळत्या स्थितीत आवळलं आणि गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, मग फाटतं. म्हणून बीमखाली जॅक लावून गाडी स्टँडवरून उचलायला लागेपर्यंत वर घेतलं आणि तिथे ९० न्यूटन मीटर.

दिवस १२: मोजणी आणि अलाइनमेंट (२ तास)

जॅकवरून उतरवताच मोजलं तर चारही आकडे १५ ते २० मिमी जास्त आले. घाबरायचं कारण नव्हतं. हवेत असताना चाकं आत ओढलेली असतात आणि जमिनीला लागल्यावर टायरच्या घर्षणाने तशीच अडकतात. गाडी पाच-सहा मीटर पुढेमागे केली, प्रत्येक कोपरा दाबून सोडला, मग पुन्हा टेप धरला. पुढे डावं ३८२, उजवं ३८३, मागे डावं ३७५, उजवं ३७४.

उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, त्यामुळे अलाइनमेंट टाळता येत नाही. डाव्या चाकाचा कल उजव्यापेक्षा जवळजवळ एक अंशाने वेगळा निघाला. पुसल्या गेलेल्या मार्करच्या रेघेची किंमत. उजवीकडे पंचच्या ठिपक्यांवर बसवलेला बोल्ट जसाच्या तसा चालला. हेडलाइटचा झोत भिंतीवर तपासून खाली आणला. पूर्वी कोणीतरी बसलेल्या गाडीप्रमाणे तो वर करून ठेवलेला होता.

दिवस १६: परत डावी बाजू (३ तास)

११० किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. वरच्या तीन नटांपैकी एक पाव फेरी फिरला, बाकी घट्ट. पण सावकाश वळताना डावीकडून अधूनमधून ‘टक्’ असा आवाज. जुना आवाज तुटलेल्या स्प्रिंगेचा होता. हा नवीन स्प्रिंगेचा.

एकाने स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवलं, दुसऱ्याने स्प्रिंगेवर बोट ठेवलं (गाडी जमिनीवर, इंजिन बंद, हात खालच्या वाटीपासून लांब). वेढा थोडा फिरायचा आणि मग झटक्याने परत यायचा. आरशात पाहिलं तर खालचं टोक अडणीपासून सुमारे २५ मिमी मागे. कॉम्प्रेसरचे आकडे सुटताना स्प्रिंग थोडी फिरते, ती तशीच बसली होती.

उपाय एकच: स्ट्रट परत खाली, स्प्रिंग परत दाबा. स्ट्रट काढण्याआधी नकलच्या बोल्टला या वेळी पंचचे ठिपके. स्प्रिंग फिरवून टोक अडणीपासून ३ मिमीवर आणलं. आकडे सोडताना टोकाजवळ टॉमी अडवून धरला, दोन्ही स्क्रू अर्धी-अर्धी फेरी सैल केले आणि प्रत्येक चार फेऱ्यांनी टोक पाहिलं. जादा मागवलेले लॉक नट इथे कामाला आले. पूर्ण सुटल्यावर अंतर ४ मिमी, आणि वरच्या वाटीतली खाच वरच्या टोकाशी जुळलेली.

अलाइनमेंट पुन्हा तपासून घेतली. कल जागेवर होता, पण तपासणीचे पैसे दुसऱ्यांदा गेले. आवाज बंद. डाव्या आणि उजव्या दोन्ही स्प्रिंगांच्या टोकावर आणि वाटीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. टोक सरकलं तर चाक न काढता, स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने दिसेल.